३३ केव्ही बसवर दुसरी कपॅसिटर बँक: इनरश किती धरायचा?

प्रश्न:
१३२/३३ केव्ही उपकेंद्रात ३३ केव्ही बसवर ५ एमव्हीएआरची कपॅसिटर बँक चालू आहे, शेजारी तेवढीच दुसरी बसवायची आहे. फॉल्ट लेव्हल (शॉर्टसर्किट झाल्यास बसवर ग्रिडकडून येणारी ताकद) ७५० एमव्हीए. फॉल्ट करंट १३.१ केए (किलोअँपिअर) आणि बँकेचा करंट ८७.५ अँपिअर यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून √२ ने गुणलं तर इनरशचा, म्हणजे बँक जोडताक्षणी उसळणाऱ्या करंटचा, पीक साधारण १.५ केए येतो. ब्रेकर व्हॅक्यूम, सी२ वर्ग. रिअॅक्टरशिवाय (करंट अडवणाऱ्या कॉइलशिवाय) चालेल का?

उत्तर १:
नाही. हे सूत्र पहिली बँक बंद असतानाचं. ती चालू असेल तर तिच्यातला चार्ज थेट नवीन बँकेत धावतो आणि अडवायला फक्त बसबारचा इंडक्टन्स असतो, मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. २० मीटर बस आणि दोन्ही बँकांचे प्रत्येकी ५ धरले तर एकूण ३०. बँक फेजला १४.६ मायक्रोफॅरड, दोन सिरीजमध्ये ७.३. फेज व्होल्टेजचा पीक २६.९ केव्ही, गुणिले सी (कपॅसिटन्स) भागिले एलचं (इंडक्टन्सचं) वर्गमूळ: १३.३ केए. फ्रिक्वेन्सी १०.७ किलोहर्ट्झ!

उत्तर २:
आणि खरी अडचण फ्रिक्वेन्सीचीच आहे. ब्रेकरच्या आयईसी ६२२७१-१०० या मानकात अशा इनरशचं नेहमीचं मूल्य २० केए पीक, ४२५० हर्ट्झ. केए बसतात, हर्ट्झ बसत नाहीत. सी२ वर्ग ब्रेकर उघडताना रिस्ट्राइकची (आर्क विझून पुन्हा पेटण्याची) शक्यता किती कमी हे सांगतो, इनरशबद्दल काही सांगत नाही. व्हॅक्यूममध्ये कॉन्टॅक्ट टेकण्याआधीच आर्क पेटतो, पृष्ठभाग वितळून चिकटतो. पुढच्या वेळी उघडताना तो फाटून खरबरीत होतो आणि मग रिस्ट्राइक होऊ लागतात.
सीटीही (करंट ट्रान्सफॉर्मर) तपासा. १००/१ सीटीच्या सेकंडरीत १३३ अँपिअर पीक येईल. रिलेचा इंडक्टिव्ह बर्डन (सीटीवरचा भार) ५० हर्ट्झला ०.१ ओहम असेल तर १०.७ किलोहर्ट्झला २१ ओहम, म्हणजे २.८ केव्ही.

प्रश्नकर्ता:
०.२ टक्के सिरीज रिअॅक्टर फक्त नवीन बँकेला लावला तर?

उत्तर १:
पुरेल. बँकेचा रिअॅक्टन्स २१७.८ ओहम, त्याच्या ०.२ टक्के म्हणजे फेजला १.३९ मिलिहेन्री. इनरश १.९ केए, १.६ किलोहर्ट्झवर येतो. ग्रिडचा वाटा थोडी भर घालेल. हार्मोनिक्सचा (५० हर्ट्झच्या पटीतल्या करंटचा) त्रास असेल तर मात्र ०.२ टक्क्यांचा उपयोग नाही. तिथे ६ टक्के लागतो, आणि कपॅसिटरचं व्होल्टेज रेटिंगही वाढवावं लागतं.

उत्तर २:
क्लोजिंग सर्किटमध्ये १० मिनिटांचा टायमर घालाच. डिस्चार्ज रेझिस्टर तेवढ्या वेळात व्होल्टेज ७५ व्होल्टपर्यंत उतरवतात. त्याआधी उलट पोलॅरिटीवर क्लोज झालं तर वरचे सगळे आकडे दुप्पट होऊ शकतात.