खर्रा सोडल्याचे आकडे खरे मानायचे का?

पळसपान:
नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. नोकरी सांभाळून एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय, प्रबंधाचा विषय खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. २०१६ पासून जिल्ह्यात मुक्तिपथ ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम सुरू असल्याने गावाने ठराव करून विक्री बंद करणं इथे नवीन नाही. माझ्या एका गावानेही ग्रामसभेत ठराव घेतला: पानठेल्यावर खर्रा विकला तर दंड, आणि चारचौघांत खाताना दिसला तरी दंड.

ठरावाच्या आधी मी घरोघर पाहणी केली होती. आता तेच प्रश्न घेऊन परत फिरतेय आणि उत्तरं ऐकून घाम फुटलाय. जो तो म्हणतो, "सोडला ना मॅडम, कधीचाच." एका काकांनी तर आधी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून घेतलं, चूळ भरली आणि मग हेच वाक्य म्हटलं. आशाताई सोबत असतात, घर न् घर त्यांच्या ओळखीचं, तरी ही तऱ्हा.

गाइड म्हणतात, फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र कॉलेजात पडून आहे, ते घेऊन जा. कोटिनिनच्या (शरीरात निकोटीन गेल्याची खूण) तपासणीपट्ट्या सगळ्यांसाठी घ्यायला पैसे नाहीत. काय करू?

आकडेमोड:
नाणं वापरून बघा. माणसाने तुमच्याकडे पाठ करून नाणं उडवायचं. छापा आला तर खात असो-नसो, "हो" म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. कुणाचं "हो" खरं आणि कुणाचं नाण्याचं, हे तुम्हालाही कळत नाही, म्हणून माणूस मोकळा होतो. समजा २०० जणांपैकी १३० "हो" म्हणाले. त्यातले १०० नाण्याचे धरा. उरलेल्या १०० जणांत ३० खरे, म्हणजे प्रमाण ३० टक्के. मात्र नमुना मोठा लागतो, नाहीतर अंदाज फार हलतो.

अक्कलदाढ:
आकडेमोड, हिशेब पक्का आहे, पण म्हाताऱ्यांच्या हातात नाणं देऊन बघा एकदा. अर्धे हसतात, अर्धे म्हणतात बाई जुगार शिकवायला आली. तरण्या पोरांमध्ये चालेल.

पळसपान, मी दातांची डॉक्टर, आता निवृत्त. नोकरीचा बराच काळ बॅटरी आणि दोन आरसे घेऊन लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला. वयाने मोठी आहे, म्हणून अगंतुगं करते.

ते फुंकरीचं यंत्र कॉलेजातच राहू दे. ते फक्त धूर ओळखतं. २०१६-१७ च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखू-वापराच्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के. तुझ्या गावात ते यंत्र सगळ्यांना पास करेल आणि प्रबंधात एक खोटा तक्ता वाढेल.

कोटिनिन चांगलं, पण ते साधारण मागच्या तीन-चार दिवसांचंच सांगतं. तू येणार ही दवंडी आधी पोचली की चार दिवस कळ काढणारे निघतातच. शिवाय नुसती सुपारी चघळणारा त्यात सापडत नाही, आणि सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे. निकोटीनचा गम घेऊन प्रामाणिकपणे सोडणारा मात्र सापडतो! सगळ्यांना पट्ट्या नकोतच. "सोडला" म्हणणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवड, त्यांचीच तपासणी कर आणि किती जणांचं बोलणं जुळलं त्यावरून बाकीचा आकडा दुरुस्त कर. नमुने घेणार म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी नव्याने घ्यावी लागेल, ते आधी बघ.

आता मुद्द्याचं. लोक खोटं बोलतात कारण तू त्यांना दंडाची पावती दिसतेस. आशाताई गावच्याच, बहुधा दंड करणाऱ्या समितीतही असतील. ज्या तोंडाने दंड मागितला जातो त्याच तोंडाने "खाता का?" विचारलं तर जगात कुठेही "नाही"च ऐकू येईल. प्रश्न विचारायला दुसऱ्या उपकेंद्राच्या मुली आण. घरात नको, आडोशाला विचार. कागदावर नाव नको, नंबर पुरे. आणि कुणाची पट्टी काय बोलली हे समितीला कळता कामा नये, सरपंच कितीही गोड बोलले तरी. एकाला जरी तुझ्या पट्टीवरून दंड झाला तरी पुढची दहा वर्षं त्या गावात कुणी तोंड उघडणार नाही, तपासायलासुद्धा.

बायकांना वेगळं विचार, बाईनेच, आणि एकेका वस्तूचं नाव घेऊन: खर्रा, नस, गुडाखू, मिश्री. शेवटच्या तिन्ही तंबाखूच्याच, पण दात घासायच्या म्हणून बायका त्या मोजतच नाहीत. आता तोंडं तपासण्याबद्दल. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासलेला डॉ. फली मेहतांचा अभ्यास १९७२ मध्ये छापून आला. साधनं होती आरसा, उजेड आणि पायपीट. पुढे एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलममध्ये सुमारे ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना समजावून वर्षानुवर्षं तपासत राहिले, तेव्हा दिसलं की सवय सुटली की ल्युकोप्लाकियाचे पांढरे चट्टे कमी उठतात. तुझं गाव लहान, मुदत वर्षाची, त्यामुळे चट्टे मोजून तुला पुरावा मिळणार नाही. तरी तोंडं बघ. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत, गाल आतून पांढुरका आणि बोटाला दोरीसारखा ताठ लागतो, त्याला लगेच पुढे पाठव. तो ताठरपणा खर्रा सोडूनही पूर्ण जात नाही.

मिरची तोडायला तेलंगणात गेलेले घरी नसतील. त्यांना गुपचूप वगळू नकोस, तसं लिही. तंबाखूवरच्या मुंबई कोहॉर्ट अभ्यासात (तीच माणसं पुढे वर्षानुवर्षं बघायची) १९९१ ते १९९७ मध्ये मतदार यादीवरून सुमारे दीड लाख माणसं घेतली. वरच्या मध्यमवर्गाच्या इमारतींत सुरक्षेमुळे शिरणं कठीण, म्हणून त्या वगळल्या आणि तसं सरळ लिहून टाकलं. काही बिघडलं नाही.

ठेलेवाला:
माझा ठेला तालुक्याला, बापापासूनचा. मॅडम, माणसाले नका विचारू, पन्नी पाहा, म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. खर्रा पन्नीवर घोटल्याबिगर होत नाही, अन् पन्नी कोणी खिशात ठेवत नाही. बोअरिंगपाशी, शाळेच्या मागं, पाराखाली किती पडल्या ते पाहा. बंद झाल्यावर माल कुठं जाते तेही सांगतो. गुटखा २०१२ पासून बंद आहे, सुगंधी तंबाखूवरही राज्यात बंदी आहे, ते कुठं कमी पडते का? काउंटरच्या वरून खाली जाते, बस. तुमच्या गावचे लोक बाजूच्या गावाहून दिवसभराचा एकदम घोटून आणत असतील. पण एक आहे. लांब जा लागते म्हणून जो दिवसाले पाच खात होता तो दोनवर येते. हे मी गिऱ्हाइकात पाहिलं.

अक्कलदाढ:
ठेलेवालेभाऊ, लाख बोललात. पळसपान, "खाता की नाही" सोबत "कालपासून आत्तापर्यंत किती" हेही विचार. पाचाचे दोन झाले असतील तर तुझा हो-नाहीचा रकाना ते पकडणारच नाही. आणि पन्न्या मोजायच्या तर ठराव नसलेल्या शेजारच्या गावातल्याही मोज, नाहीतर तुलना कशाशी? जागा आधी ठरव, एकदा झाडून घे, मग ठरावीक वाराला मोज. बाजाराचा दिवस टाळ.

पळसपान:
सगळ्यांचे आभार. शेजारच्या गावाची जुनी पाहणी माझ्याकडे नाही, पण पन्न्या आजपासूनही मोजता येतील. मुली बदलतेय. गाइडना यंत्राबद्दल कसं सांगायचं तेवढं कळत नाहीये. आणि निकाल वाईट आला तर ग्रामसभेत मांडू का? त्यांनी फार हौसेने ठराव केलाय.

अक्कलदाढ:
मांड. गावाचा एकूण आकडा, नावं नाहीत. सोबत सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन फळ्यावर लिहून ये, फुकट आहे. गाइडना गॅट्सचे ते दोन आकडे दाखव, यंत्राचा विषय आपोआप मागे पडेल. पट्ट्या घेताना मुदत संपायची तारीख बघून घे, आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नकोस.