मदत हवी आहे: शाळा बंद, तांड्यावरच्या मुलांच्या जेवणाचं काय करू?

नमस्कार मंडळी. 2020 च्या टाळेबंदीत हे लिहितेय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कोरोनामुळे मार्च 2020 पासून शाळा बंद आहे. मुलांचा शाळेतला दुपारचा आहार थांबल्याची सर्वोच्च न्यायालयाने 18 मार्चलाच दखल घेतली, म्हणून शिजवलेल्या आहाराऐवजी कोरडा शिधा वाटतोय. हिशोब नेहमीचाच: पहिली ते पाचवीला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30.

अडचण पुढे आहे. पंचवीस दिवसांचे अडीच किलो तांदूळ घरी गेले की ते एका मुलाचे राहत नाहीत. सहा माणसांच्या चुलीवर ते तीन-चार दिवसांत संपतात. आईबापाला दोष कसा देणार? हाताला काम नाही. परवा तिसरीतली एक मुलगी ओढणीच्या टोकात डाळ बांधून नेत होती. मला म्हणाली, "बाई, खिचडी कधी शिजणार?" तेव्हापासून जीव लागत नाही.

शिवाय तेल, मीठ, सरपण कुणी द्यायचं? आणि दोन तांडे शाळेपासून चार किलोमीटरवर. एसटी बंद, पालक पायी येतात.

तुमच्या गावात कुणी हे निभावलंय का? शिधा एकदम न देता आठवड्याला दिला तर पुरतो का? स्वयंपाकीण मावशी तांड्यावरच शिजवायला तयार आहेत, पण गर्दी होणार नाही अशी वाटणी कशी करावी? परवानगी आधी सरपंचांकडे मागू की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा, सोमवारी पुढचं वाटप आहे.