‘चालक आळशी म्हणून नेटवर्क मेलं’ म्हणणाऱ्यांसाठी, सोलापुरातनं

कडकभाकरी (धागाकर्ता)
काल इथंच एका महाशयांनी लिहिलं, "छोटी चॅट नेटवर्कं मेली ती चालकांच्या आळसामुळं. वीस चॅनेल उघडा, बॉट टाका, प्रश्नमंजूषा लावा, चार ठिकाणी जाहिरात करा, महिन्यात दोनशे माणसं बसतील." खाली पस्तीस अंगठे. त्या पस्तीसपैकी किती जणांनी सर्व्हर चालवलाय कुणास ठाऊक. झोप लागेना, म्हणून वेगळा धागाच काढतो.

२०११ ते २०१९ मी एक आयआरसी नेटवर्क चालवलं. आयआरसी म्हणजे लिहून गप्पा मारायची जुनी सोय, चॅनेल म्हणजे त्यातली खोली, बॉट म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम. ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. भाड्याचा एक सर्व्हर आणि बायकोचे टोमणे, एवढंच भांडवल. पहिल्या वर्षी मी अगदी हेच सगळं केलं बे. अठरा चॅनेल. क्रिकेटचं वेगळं, सिनेमाचं वेगळं, नोकऱ्यांचं वेगळं, कवितेचं वेगळं (कवितेत मी आणि बॉट). गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पत्रकं वाटली. अर्ध्यांनी त्यात भजी खाल्ली, तरी त्या आठवड्यात नव्वदेक नवीन टोपणनावं आली. पुढच्या रविवारी उरली सहा.

लॉग, म्हणजे बोलण्याच्या नोंदी, काढून बसलो. माणूस यायचा, क्रिकेटमध्ये शिरायचा. यादीत सात नावं. त्यातली पाच झोपलेली, एक बॉट, एक मी, आणि मी जेवायला गेलेलो. तो लिहायचा, "हाय, कोणी आहे का?" दोन मिनिटं, तीन मिनिटं. गेला. परत कधीच नाही. ओळीनं असेच लॉग.

मग सतरा चॅनेलांना कुलूप लावलं आणि सगळ्यांना एका खोलीत कोंबलं. माणसं तेवढीच, पण बडबड दिसायला लागली. रात्री साडेनऊ ते साडेअकरा आळीपाळीनं कुणीतरी जागं बसायचं आणि नवीन नाव दिसलं की त्याच्याशी बोलायचं. बॉटचं "स्वागत आहे" नव्हे. "कुठले तुम्ही? जुळे सोलापूर? तिकडं पाणी आलं का?" असं. नंतरची चार वर्षं रोज रात्री तीस-पस्तीस माणसं हमखास असायची. आळशी म्हणे.

नवीपेठ_सायबर
तीस-पस्तीस! आणि त्यासाठी एवढं रामायण!
क्वेकनेट या खेळाडूंच्या आयआरसी नेटवर्कवर २००५ मध्ये एकाच वेळी २ लाख ४० हजारांच्या आसपास लोक होते. तिथं काय प्रत्येकाला "पाणी आलं का" विचारायला माणूस बसवला होता? खेळ होता म्हणून माणसं होती. पुढं खेळाडूंना आवाजात बोलायची सोय मिळाली, २०१५ ला डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप आलं, उठले आणि गेले. तुझी माणसंपण तशीच गेली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सगळ्यांच्या खिशात नेट आलं. आयआरसी खिशात चालतच नाही नीट. ॲप मागं टाकलं की फोन जोडणी तोडतो. कुणी नाव घेतलं तरी घंटी वाजत नाही. परत आलास की मागचं बोलणं कोरं. यावर तुम्हा लोकांचं उत्तर काय, तर "बाउन्सर लावा", म्हणजे आपल्या जागी सतत जोडलेला राहून मागचं बोलणं साठवणारा प्रोग्राम. माझ्या मेहुण्याला मी झेडएनसी नावाचा बाउन्सर समजावत होतो. शेवटी तो म्हणाला, दाजी, एवढ्यात फोन केला असता की.

कडकभाकरी
मागचं दिसत नव्हतं हे मान्य. मेहुण्याचंही मान्य. पण मग २०१२ मध्ये जिओ नव्हतं, डिस्कॉर्ड नव्हतं, तरी नव्वदातले चौऱ्याऐंशी का पळाले ते सांग. तू मरणाचं कारण सांगायलास, मी आजाराचं.

हिप्परगा
ते पळाले असतील तुझ्या ऑपगिरीमुळं, चालकाच्या दादागिरीमुळं. मला २०१४ मध्ये किक केलंस, खोलीतनं हाकललंस, ते विसरला असशील, मी नाही. गुन्हा काय, तर कन्नडात दोन ओळी लिहिल्या. सोलापुरात! जिथं एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते तिथं याचं "चॅनेलवर फक्त मराठी".

२०२१ ला फ्रीनोड या मोठ्या आयआरसी नेटवर्कचं काय झालं बघा. वरच्या मालकीवरनं भांडण झालं, बरीच वर्षं फुकट राबणारी स्टाफमंडळी उठली आणि १९ मे रोजी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क उभं केलं. आठवडाभरात फ्रीनोडवाल्यांनी काय करावं? ज्यांच्या टॉपिकमध्ये (चॅनेलच्या वर दिसणाऱ्या ओळीत) "लिबेरा" शब्द होता अशी शेकडो चॅनेल ताब्यात घेतली. जे घुटमळत होते तेही गेले. पुढच्या महिन्यात तर नोंदवलेल्या टोपणनावांचा सगळा डेटाच पुसून नव्यानं सुरुवात. तिथं फोन बदलला नव्हता, प्रोटोकॉल बदलला नव्हता. हातात काठी असलेल्या माणसांनी लोक घालवले.

कडकभाकरी
तू कन्नडात शिवी दिली होतीस.

हिप्परगा
शिवी नव्हती ती. आमच्या घरात जेवायला हाक मारतानापण तसंच म्हणतात.

नवीपेठ_सायबर
फ्रीनोडचं उदाहरण इथं लागू नाही. तिथं सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांची अख्खी चॅनेल बिऱ्हाडासकट उठली, कारण त्यांचं एकमेकांत काम होतं. आपल्याकडं कुणाचं कुणाशी काय काम होतं?

शेंगाचटणी
कुणीच विचारलं नाही म्हणून मीच सांगते. मी या नेटवर्कवर पहिल्यांदा आले २०१३ ला, बाईच्या नावाचं टोपणनाव घेऊन. मुख्य खोलीत सगळे सभ्य, "या ताई, बसा ताई". पाच मिनिटांत अकरा खाजगी खिडक्या. "एएसएल?" (वय, लिंग, गाव) "फोटो?" एकानं तर सरळ "लग्न झालंय का". जे वर ताई म्हणत होते त्यातलेच दोघं खाली होते. मी गेले. कडकभाकरीदादा, तुमच्या लॉगमध्ये हे दिसलं नसणार, कारण खाजगी बोलणं लॉगमध्ये येत नाही. तुम्हाला मी "बोलली नाही आणि गेली" अशीच दिसले असेन. तुमच्या त्या चौऱ्याऐंशीत बाया किती होत्या, तेही तपासलं नसेल.

वर्षभरानं "पाटावरवंटा" नाव घेऊन परत आले. कुणालाही पुरुष वाटावं असं बोलायचे. चार वर्षं टिकले. अनोळखी, नोंद नसलेल्या नावांचे खाजगी निरोप अडवायचा एक मोड असतो, एका अक्षराचा. तो सगळ्यांना आपोआप लावायला तुम्हाला २०१६ उजाडावं लागलं.

कडकभाकरी
पाटावरवंटा तू होतीस?? अगं, त्याच्याशी मी हुरड्याला चल म्हणून तासभर भांडलोय!
मोडचं बरोबर आहे. उशीर झाला. आणखी काय बोलू.

शेंगाचटणी
म्हणूनच आले नाही हुरड्याला.

विजापूररोड
विषयाला धरून बोलतो. लोक टिकले ते गप्पांनी नाही, टिकले पाण्याच्या बॉटमुळं. उजनी भरून वाहिलं तरी आमच्याकडं चार-पाच दिवसाआड नळ, तोही कधी रात्री दोनला. बॉटला भागाचं नाव टाकलं की कुणी शेवटचं "सुटलं" लिहिलंय ते वेळेसकट दिसायचं. मी तेवढ्यासाठीच यायचो. आपली कविता वगैरे मी कधी वाचली नाही, माफ करा.

नवीपेठ_सायबर
म्हणजे तू वापरकर्ता नव्हतास, गिऱ्हाईक होतास. आला, वेळ बघितली, गेला. तो बॉट व्हॉट्सअ‍ॅपवर गेला त्या दिवशी तूपण गेलास.

विजापूररोड
अर्थात गेलो. तिथं आमच्या गल्लीतली सगळी आहेत. ग्रुपात १०२४ माणसं मावतात आता. मात्र पाणी सुटल्याचा निरोप चाळीस "शुभ सकाळ"खाली सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.

अशोकचौक
त्या बॉटवर अर्धी माहिती खोटी असायची. आमच्या लायनीला "सुटलं" लिहिलेलं, नळाला फुस्स हवा. कारण पुढच्या घरांनी नळालाच मोटर जोडलेली.

विजापूररोड
माझ्याकडं बघून बोलायचं कारण नाही.

अशोकचौक
कुणाकडं बघितलं मी? चोराच्या मनात चांदणं. नळाला थेट मोटर लावणारा माणूस शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी ओढतो, एवढंच म्हणतो. आमची आई पंचाहत्तरीची, रात्री दोन वाजता घागर घेऊन बसायची आणि तुमच्या मोटरीचा घर्रर्र आवाज ऐकायची.

विजापूररोड
आमच्याकडं चढ आहे. मोटरीशिवाय थेंब येत नाही. तू येऊन दाखव भरून, मी तुला चहा पाजतो.

हिप्परगा
चढ विजापूर रोडला? कुठला बे चढ?

विजापूररोड
तू गप. तुला किक केलं ते बरोबरच केलं.

(इथनं पुढच्या एकोणीस प्रतिक्रिया मोटर, टाकी, चावीवाला आणि कुणाच्या मामांच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं यावर आहेत. ज्यांना रस आहे त्यांनी वाचाव्यात. – कडकभाकरी)

नवीपेठ_सायबर
परवा कुणी आयआरसीवर एक शब्द लिहीत नव्हतं. आज मोटरीवर तेवीस जण. कडकभाकरी, तू त्या एका खोलीचं बोललास ते… जाऊ दे, बरोबर असेल. चढाचं तेवढं खोटं आहे.

कडकभाकरी
म्हणून ठेव लिहून, तारखेसकट.
मी परत चालू करायचा विचार करतोय. सर्व्हर एकच. पस्तीस माणसांसाठी तीन सर्व्हर जोडून त्यांची जोडणी तुटून स्प्लिट होताना बघायची हौस फिटली. मागचं बोलणं साठवणारा सर्व्हर आता मिळतो, एर्गो नावाचा, बाउन्सरची सोय त्यातच आहे. मेहुण्यालापण जमेल. अनोळखी खाजगी निरोप पहिल्या दिवसापासून बंद. कन्नड, तेलुगू चालेल. शिवी कुठल्याच भाषेत नाही, जेवायला बोलावतानापण. फक्त रात्री साडेनऊ ते साडेअकरा बसणारे सात जण पाहिजेत, वाराला एक. अंगठे नकोत, नावं द्या.

शेंगाचटणी
मंगळवार मी. माझ्या खऱ्या टोपणनावानं. कुणी ताई म्हणायचं नाही.

हिप्परगा
शुक्रवार. पण आधी २०१४ ची माफी.

कडकभाकरी
शुक्रवार रिकामा ठेवतो मग.

हिप्परगा
बरं बे, लिही शुक्रवार. माफी उधार.

नवीपेठ_सायबर
मी बसणार नाही. चालणार नाही हे. बघायला येईन.

तुळजापूरनाका (नवीन सदस्य)
नमस्कार, धागा आत्ताच वाचला. सर्व्हरचा पत्ता कुठं मिळेल? कोणी आहे का?

विजापूररोड
आहे. दोन मिनिटं थांबा, आत्ताच पाणी सुटलंय, मोटर लावून आलो.