खुशाली (कामासाठी वरून दिलेले पैसे) घेऊ नये हे कळतं, पण ऐन वेळी आठवणारं वचनच उलटं निघालं तर?

फडावरचा चिटबॉय (चिकोडी तालुका)

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम.

मी एका साखर कारखान्याकडं चिटबॉय आहे. ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातल्या लागणीच्या नोंदी ठेवायच्या, लागणीच्या तारखेप्रमाणं क्रमपाळी लावायची, कुणाच्या फडात (उसाच्या रानात) ऊसतोडीची टोळी कधी घुसणार ते सांगायचं, गाडी भरली की चिट फाडायची. पगार हंगामापुरता. हंगाम सुरू झाला की अख्ख्या गावाचं लक्ष माझ्या वहीवर असतं.

उसाला तुरा दिसायला लागला की लोक कासावीस होतात. "माझा फड तेवढा अलीकडं घे" म्हणतात आणि खिशात नोट सरकवतात. टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री (तसेच वरचे पैसे) द्यायची हे आता कुणाला चुकीचंही वाटत नाही. मग चिटबॉयनंच का सोडावं, असं मला तोंडावर विचारतात. आजवर मी घेतलेलं नाही. पण यंदा बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, फी भरायची आहे, आणि नोट समोर आली की हात पहिल्यासारखा लगेच मागं येत नाही.

संडे स्कूलमध्ये मी पुष्कळ वचनं पाठ केलीत. "मनुष्य केवळ भाकरीने जगेल असे नाही" हे झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण बांधावर माणूस समोर असताना ते आठवत नाही. आठवतं ते मामांचं बोलणं. मामा आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे कारभार बघणारे पुढारी आहेत. बाबा गेल्यावर त्यांनीच आम्हाला सांभाळलं. ते म्हणतात, "लाच वेगळी, खुशाली वेगळी. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे, हेही शास्त्रातच आहे. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको असं देवच सांगतो." मला त्यांना उत्तर देता येत नाही.

येशू रानात चाळीस दिवस उपाशी असताना सैतान त्याची परीक्षा घ्यायला आला, त्याला येशूनं वचनानं परतवलं. पण समोरचा माणूसही वचनच सांगत असेल, आणि तो आपला असेल, तर काय करायचं?

खानापूरकर

मी कॅथलिक. आमच्यात उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी येशूच्या परीक्षेचंच शुभवर्तमान वाचतात. एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक.

तुमच्या बहिणीच्या फीवरून एक गोष्ट आठवली. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी राहत होता, ३९९ मध्ये वारला. माणसाला पाडणारे आठ विचार त्यानं वेगळे काढले आणि प्रत्येकाला उलट उत्तर देता येईल अशी शास्त्रवचनं गोळा केली. लोभाबद्दल तो लिहितो की हा विचार लांबलचक म्हातारपण दाखवतो, काम न होणारे हात दाखवतो, दुष्काळ आणि आजारपण दाखवतो, दुसऱ्याकडून घ्यावं लागण्याची लाज दाखवतो. म्हणजे लोभ काळजीच्या रूपानं येतो. म्हणून तुम्ही भाकरीचं वचन शोधू नका, काळजीचं शोधा. मत्तय ६:२५ पासून अध्याय संपेपर्यंत वाचा. नोट समोर येण्याआधी रात्री फीचा विचार येत असेल ना? तिथंच उत्तर द्यायला सुरुवात करा.

निपाणीच्या बाई (निवृत्त शिक्षिका)

बाळ, तुझ्या मामांना मी वाईट म्हणणार नाही. पोरक्या लेकरांना ज्यानं सांभाळलं त्याला पैशाची भीती किती असते हे मला माहीत आहे. पण त्यांनी सांगितलेलं वचन त्यांच्याच पवित्र शास्त्रात उघडून त्यांच्या समोर वाच, आणि वाचताना थांबू नको.

कामकऱ्याच्या मजुरीचं वाक्य १ तीमथ्य ५:१८ मध्ये आहे. त्याच्या आधीचीच ओळ बघ. वचन सांगण्यात आणि शिक्षण देण्यात जे वडील श्रम करतात त्यांचा मंडळीनं मान राखावा, असा तिथं विषय चाललाय. म्हणजे ज्याचं काम, त्यानं मजुरी द्यायची. तुझं काम कारखान्याचं आहे. पगार पुरत नसेल तर कारखान्याकडं माग, चारजणांना बरोबर घेऊन माग. कामकऱ्याची अडकवलेली मजुरी ओरडते असं याकोब पाचव्या अध्यायात म्हणतो, तिथं तुझी बाजू भक्कम आहे. ती मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून काढायला मात्र त्यात परवानगी नाही. आणि तीमथ्याचं तेच पत्र पुढच्या, सहाव्या अध्यायात काय म्हणतं? अन्नवस्त्र असलं की त्यात समाधान मानावं, आणि द्रव्याचा लोभ सगळ्या प्रकारच्या वाईटाचं मूळ आहे.

बैलाचं वचन अनुवाद या जुन्या करारातल्या पुस्तकातलं, २५:४ चं. मामांना विचार, त्याच अध्यायाच्या तेराव्या ओवीत काय आहे? पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नको, एक मोठं आणि एक लहान. घरात दोन मापं ठेवू नको. बैलापासून वजनांपर्यंत मधे फक्त आठ ओव्या. तुझी क्रमपाळीची वही हेच तुझं वजन आहे. पैसे देणाऱ्याला एक तारीख आणि न देणाऱ्याला दुसरी, म्हणजे पिशवीत दोन वजनं झालीच. त्यानंतर अनुवाद १६:१९ वाच: लाच शहाण्याचे डोळे आंधळे करते.

तू विचारलंस, समोरचाही वचन सांगत असेल तर काय. हे येशूच्याच बाबतीत घडलं. मंदिराच्या कंगोऱ्यावर उडी टाक म्हणत सैतानानं स्तोत्र ९१ सांगितलं, देवदूत तुला हातांवर झेलून धरतील म्हणून. मूळ स्तोत्रात "तुझ्या सर्व मार्गांत" असे शब्द आहेत, ते त्यानं सोडले. मत्तयातही नाहीत, लूकातही नाहीत. तेराव्या ओवीत साप तुडवण्याचं आहे, तिथपर्यंतही तो गेला नाही. येशू मात्र त्या स्तोत्रावर वाद घालत बसला नाही. असाही शास्त्रलेख आहे, एवढंच म्हणाला आणि उत्तर दिलं.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट सांगते, इतकी वर्षं मुलांना हेच शिकवत आले. येशूची तिन्ही उत्तरं एकाच पुस्तकातली आहेत, अनुवाद ८:३, ६:१६ आणि ६:१३. यहुदी लोकांनी रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचं "हे इस्राएला, ऐक" हे वचन त्याच सहाव्या अध्यायात चौथ्या ओवीला येतं. म्हणजे तो भाग त्याच्या लहानपणापासूनच्या जिभेवर होता. आठवा अध्याय इस्राएल लोकांच्या रानातल्या चाळीस वर्षांच्या उपाशी वाटेबद्दल बोलतो. देवानं भूक लागू दिली, मग मान्ना हे अन्न दिलं, आणि तुझ्या मनात काय आहे ते पाहिलं. चाळीस दिवसांच्या भुकेनंतर येशू त्या गोष्टीतच उभा होता. मस्सा इथं लोकांनी पाण्यासाठी देवाची परीक्षा पाहिली ते ६:१६ मध्ये आहे, त्याची सगळी हकीकत निर्गम १७ मध्ये. त्यानं ऐन वेळी वचन शोधलं नाही. अख्खी हकीकतच त्याच्या आत होती.

आपल्या मुलांना आपण सुवर्णवचनाची चिठ्ठी देतो, एक ओळ, पुढं-मागं काही नाही. बक्षिसासाठी ते ठीक. पण नुसती एक ओळ मामांच्या दुसऱ्या एका ओळीपुढं टिकत नाही, तुझी तक्रार खरी आहे. म्हणून माझं सांगणं: या हंगामात अनुवाद सहा ते आठ हे तीनच अध्याय धर. पहाटे टोळीकडं जाण्याआधी मोठ्यानं वाच. घरचे ऐकतील, ऐकू दे.

माझे वडील निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत काट्यावर होते. १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवत असेल गावातल्या मोठ्यांना, शेतकरी हायवेवर बसले होते. भावाचा राग होता, आणि बोदाच्या (तंबाखूच्या गठ्ठ्याच्या) वजनातनं कापल्या जाणाऱ्या घटीचाही होता. वडिलांना वखारीतून इशारे यायचे, शेतकऱ्याकडूनही यायचे. वडील काट्यावर बसताना दोन वजनांचं ते तेरावं वचन मोठ्यानं म्हणायचे. शेतकरी उभा असायचा, दिवाणजी उभा असायचा, दोघांना ऐकू जायचं. मी डबा घेऊन जायचे तेव्हा ऐकलंय. एकदा तसं सगळ्यांदेखत म्हणून झाल्यावर त्यांच्या कानाशी येऊन बोलणं कुणालाच सोपं राहिलं नाही. देवाच्या वचनाला आत्म्याची तरवार म्हटलंय इफिस ६:१७ मध्ये, आणि येशूनंही रानात उत्तर तोंडानं दिलं, मनातल्या मनात नाही. तू पण बोल. "काका, माझ्या देवानं दोन वजनं ठेवू नको म्हणून सांगितलंय, तुमची तारीख वहीत आहे ती बघा." एवढं पुरे. आत्ताच दहा वेळा म्हणून जिभेला लावून घे.

आणि योसेफाचं विसरू नको. त्याचा धनी पोटीफर, त्याची बायको योसेफाला आपल्याबरोबर नीज म्हणत होती, तिला त्यानं एकदा नीट उत्तर दिलं, उत्पत्ती ३९:९ मध्ये. ती रोज विचारत राहिली तेव्हा तिच्याजवळ थांबायचंच टाळलं, आणि तिनं धरलं तेव्हा वस्त्र सोडून पळाला. वचन पाठ आहे म्हणून एकट्यानं बांधावर उभं राहून बोलणी करू नकोस. क्रमपाळीची यादी दूध डेअरीच्या भिंतीवर लाव, तारखांसकट. जे सगळ्यांनी वाचलंय ते गुपचूप बदलायला सांगायचं कुणाला धाडस होत नाही.

फीचं मंडळीत मांड. "आम्हांस परीक्षेत आणू नको" म्हणायच्या आधी प्रभूनं "आमची रोजची भाकर" मागायला शिकवलंय. पाळकांना आकडा सांग. लाज वाटेल, तरी सांग.

ऊसवाला, हुक्केरी

मी ख्रिस्ती नाही. मुलानं हे वाचायला दिलं. शेतकरी म्हणून दोन शब्द लिहितो.

तुमच्याकडं नोट घेऊन येतो तो माणूस तुम्हाला दिसतो. त्याच्यामुळं जो मागं ढकलला जातो तो दिसत नाही, कारण तो येतच नाही. माझा ऊस दीड एकर आहे. पाळी मागं गेली की तुरा येतो, ऊस आतनं पोकळ पडत जातो, वजन घटतं. रान मोकळं व्हायला उशीर झाला की मागनं हरभरा धरता येत नाही. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटणारं पुढचं पीक) ठेवायचा तर तोही उन्हात सापडतो. एका नोटेनं आमचं दोन पिकांचं गणित मोडतं, आणि ज्यानं मोडलं त्याला ते कळतही नाही.

बाईंनी लिहिलेलं दोन वजनांचं वचन मी वहीत उतरून घेतलंय. तुमच्या मामांना एवढं विचारा, बैलानं खायचं खरं, पण कुणाच्या खळ्यावरचं?

फडावरचा चिटबॉय

सगळ्यांचे उपकार. काल रात्री मामांकडं गेलो. पंचविसावा अध्याय मीच मोठ्यानं वाचला, पहिल्या ओवीपासून. तेराव्याला आल्यावर त्यांनी पुस्तक माझ्याकडून घेतलं आणि स्वतः परत वाचलं. मग बराच वेळ हुक्केरीच्या अण्णांनी लिहिलेल्यावर बोललो. मामांचाही ऊस आहे, त्यांना ते लगेच पटलं. पाळकांकडं फीसाठी ते स्वतः येणार आहेत, मला एकट्याला बोलू नको म्हणाले.

यादी डेअरीवर लावली. दोघं रागावले, एकानं फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला.

एक शंका राहिलीय, बाई. एक आजी आहे. तिचा ऊस तिच्याच तारखेला तुटला, मी काही केलं नाही. तरी ती पाटीभर शेंगा घेऊन दारात आली. पैसे परत करता येतात, शेंगा कशा परत करायच्या? ती रडवेली झाली. हीही खुशालीच का?

निपाणीच्या बाई

दोन्ही गोष्टी अलीशा संदेष्ट्याच्या आयुष्यात आहेत. २ राजे ५ मध्ये नामान नावाचा सेनापती कोडातून बरा झाल्यावर भेट घेऊन आला, त्यानं आग्रह करूनही अलीशानं ती घेतली नाही, कारण देवाची कृपा विकत मिळते असं त्याला वाटायला नको होतं. अलीशाचा चाकर गेहजी नामानच्या पाठोपाठ धावत गेला आणि भेट मागून घेतली, त्याचं काय झालं तू वाच. पण त्याच्या आधीच्या अध्यायात, ४:४२ ला, एक माणूस पहिल्या पिकाच्या जवाच्या वीस भाकरी आणतो. त्या अलीशा परत करत नाही. लोकांना खायला वाढ म्हणतो.

फरक असा बघ. पुढच्या वर्षी तिची पाळी बदलण्याची आशा त्या पाटीत असेल तर हात जोड. तसं काही नसेल, आजीनं नुसतं मनापासून आणलं असेल, तर नाही म्हणू नको. तिच्याच हातानं ती पाटी टोळीच्या खोपीवर पोचव. तुझ्या घरात ठेवू नको. खोपीवर पोरं असतात, शाळा बुडवून आईबापाबरोबर आलेली. तिला त्यांच्यात बसव, भाजलेल्या शेंगा खाऊ दे सगळ्यांना. यादी बघायला येणाऱ्यांनाही दिसेल शेंगा कुठं गेल्या ते.

फीचं काय ठरलं ते इथंच लिही. आमच्या मंडळीतल्या दोन बायका विचारत होत्या.