‘फिस्टुला’ला मराठीत काय म्हणावं? (मणक्यातला)

कोरांटी: अण्णांच्या रिपोर्टात ‘स्पायनल ड्युरल आर्टेरिओव्हेनस फिस्टुला’ आलंय. दोन वर्षं पाय जड पडत होते, थोडं चाललं की जास्तच. मग लघवी तुंबायला लागली. ‘गादी सरकली’ म्हणून पट्टा बांधून झाला. आता कळलं, मज्जारज्जूच्या आवरणात एक रोहिणी थेट नीलेला जोडली गेलीय. अण्णा सगळं स्वतः वाचल्याशिवाय सही करत नाहीत, म्हणून मी दोन पानं मराठीत लिहिली आणि कोशातून ‘भगंदर’ उचललं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “मला तो त्रास कधीच नव्हता. रिपोर्ट दुसऱ्याचा दिसतोय.” कोणता शब्द घालू?

जुनी_शाई: भगंदर फक्त गुदाजवळचं. सुश्रुतसंहितेत व्यापक शब्द आहे ‘नाडीव्रण’. संस्कृत नाडी म्हणजे पोकळ देठ, नळी. लॅटिन फिस्टुला म्हणजेही नळी, वेळूची पुंगी. हाच घ्या.

तळ्याकाठी: संस्कृतात बरोबर, पण अण्णा मराठीत वाचणार ना? नाडी वैद्य बघतात, नाहीतर परकरात ओवतात. व्रण म्हणजे बरी झालेल्या जखमेची खूण. इथे जखम नाही, पू नाही. सरळ ‘चुकीचा जोड’ म्हणा.

जुनी_शाई: ‘जोड’ म्हटलं की मोडलेलं हाड आठवतं. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत. रोहिणी-नीला तरी कुठे आपोआप रुळले?

सुईदोरा: मी डायलिसिस युनिटमध्ये काम करते. रोहिणी आणि नीला यांचा हाच जोड मनगटाजवळ मुद्दाम करतात, १९६६ पासूनची पद्धत. खेड्यातली माणसंही ‘माझा फिस्टुला चांगला चालतो’ म्हणतात. रोज सकाळी त्यावर बोट ठेवून थरथर लागते का बघतात. त्यांच्यासाठी हा मराठी शब्द झालाय.

जुनी_शाई: मग मराठीत फक्त क्रियापदं उरतील. मला हे मनापासून लागतं.

पाटकरी: आमच्याकडे, कृष्णाकाठी, सांगतो तसं सांगू का? पाटाचं पाणी चारीत, चारीतून सऱ्यांत, मग उरलेलं चरातून ओढ्याला. मध्ये सऱ्या आहेत म्हणून जोर मोडतो. पाट फुटून थेट चरात घुसला तर चर तुंबतो, पाणी निघत नाही, रान चिबडतं. पीक पाण्यावाचून नाही, पाण्याने मरतं.

सुईदोरा: अगदी हेच! सऱ्या म्हणजे केशवाहिन्या. नीलेतला दाब वाढतो, मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडत नाही, तो सुजतो. उपायही तसाच: जोडापाशीच नीला क्लिप लावून बंद करतात, नाहीतर मांडीतून कॅथेटर नेऊन गोंद सोडतात. लवकर केलं तर पाय सुधारायला वाव असतो.

तळ्याकाठी: मग ‘चिबडलेला मज्जारज्जू’! यापेक्षा मराठी काय हवं?

सागरगोटा: थांबा. आमच्या रत्नागिरीकडे चिबूड म्हणजे फळ, भाद्रपदात गूळ घालून खातो. आईला हे वाचून दाखवलं तर तिला फोडीच दिसतील.

पाटकरी: चिबड वेगळं, चिबूड वेगळं. चिबड जमिनीवर चाललं की पाय रुततो.

सागरगोटा: दोन्हींत पाणी भरलेलं असतं, मूळ एकच असणार.

जुनी_शाई: नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. विदर्भात हा शब्द चालतो का, कुणी सांगेल?

कोरांटी: पाटकरींचं सगळं अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी पानाच्या मागे पेन्सिलने पाट, सऱ्या, चर काढले आणि जिथे फुटलंय तिथे फुली मारली. “इथलंच दार टाकायचं ना?” मंगळवारी अँजिओग्राफी आहे, कुठली रोहिणी ते त्यात कळेल. पानावर फिस्टुलाची जागा मात्र अजून कोरी आहे. ‘जोड’ लिहू की ‘फूट’?

सागरगोटा: अण्णांना शुभेच्छा. आणि चिबडणे हे क्रियापद माणसालाही लावतात का?