2008 ची सॅन्ट्रो: फ्युएल पंपाचे साडेअकरा हजार सांगितलेत, द्यावेत का?

प्रश्न (कराड)

नमस्कार मंडळी. बाबांची सॅन्ट्रो झिंग आहे, 2008 ची, पेट्रोल, 96 हजार किलोमीटर झालेली. उन्हाळा लागल्यापासून एक त्रास सुरू झालाय. पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढावर गाडी दम सोडते. रेस दिली तरी ओढत नाही, मग आचके देत बंद पडते. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. सकाळी गावात फिरवली तर काहीच तक्रार नाही.

इथल्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, टाकीतला पंप गेलाय, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. असेंब्ली 8,600, मजुरी 1,200, वर जीएसटी. बाबा म्हणतात, एवढे घालण्यापेक्षा विकून टाकू. पण आईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी आहे. काय करावं?

उत्तर (कोल्हापूर)

ताई, माझं उद्यमनगरात गॅरेज आहे, जुन्या पेट्रोल गाड्याच जास्त येतात. साडेअकरा हजार मोजायच्या आधी त्यांना एवढंच विचारा: पेट्रोलचं प्रेशर किती आलं? गेज (प्रेशर मोजायचं मीटर) लावलाच नसेल तर पंप गेला हा अजून अंदाज आहे.

तुम्ही सांगताय त्यावरून माझाही संशय पेट्रोल कमी पोचण्यावरच आहे. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, असं क्रँक सेन्सरनेही (इंजिन फिरतंय हे कळवणारा सेन्सर) होतं. पण सेन्सरने गाडी एकदम फुंकर मारलेल्या दिव्यासारखी जाते. तुमची आधी दम सोडते, आचके देते, मग थांबते. तरी पेट्रोल कमी पोचायला पंपच कारण असतो असं नाही. फिल्टर तुंबलेला असतो, पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने भरलेली असते, रिले (पंपाला करंट देणारा स्विच) तापून सोडत असतो, नाहीतर पंपाच्या वरचा सॉकेट काळा पडलेला असतो. ह्यातलं बरंच काही शे-पाचशेत मिटतं.

पुढच्या वेळी बंद पडली की तिथंच चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. मागच्या सीटखाली कान द्या. दोनेक सेकंद घूंऽऽ असा आवाज यायला हवा. आला नाही तर मेकॅनिकला फ्यूज, रिले आणि सॉकेट आधी बघायला सांगा. आवाज येतोय पण गाडी घेत नाही, तर गेज. प्रेशर तीन बारच्या आसपास टिकलं पाहिजे, आणि ते गाडी तापलेली असताना बघायचं. सकाळी गार गाडीवर गेज लावून काही कळणार नाही, तुमची गाडी सकाळी चांगलीच असते. पंप चालू असताना सॉकेटवर व्होल्टेजही मोजायला लावा. बॅटरीपेक्षा दोन-तीन व्होल्ट कमी येत असतील तर नवा पंपसुद्धा असाच रडणार, कारण दोष वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे.

आता पैशाचं. असेंब्ली म्हणजे मोटर, जाळी, प्लास्टिकचा सांगाडा आणि काट्याचा फ्लोट, सगळं एकत्र. तुमचा पेट्रोलचा काटा बरोबर दाखवत असेल आणि सांगाड्याला तडा नसेल, तर नुसती मोटर बदलता येते. माझ्याकडे चांगल्या कंपनीची मोटर, नवी जाळी आणि झाकणाचं सील धरून साडेतीन हजारात बसते, मजुरी 800. सॅन्ट्रोत मागची सीट उचलली की झाकणातून पंप निघतो, टाकी उतरवायची गरज नाही, म्हणून मजुरी जास्त व्हायला नको. बिना नावाच्या खोक्यातली स्वस्त मोटर मात्र घेऊ नका. घाटात आईसोबत अडकायचं नाही ना तुम्हाला?

अजून एक. खोक्यावरची एमआरपी सगळे कर धरून असते. 8,600 ही छापील किंमत असेल तर तिच्यावर वेगळा जीएसटी लागत नाही, मजुरीवर लागू शकतो. खोका मागून घ्या, बघा. जुना पंपही परत मागा.

आणि हे काम घरी करू नका. टाकीचं झाकण उघडलं की गाडीत पेट्रोलची वाफ भरते. बॅटरीची मायनस वायर काढूनच हात घालायचा, जवळ बल्ब लावायचा नाही.

उत्तर (पुणे)

वरच्या दादांचं पटलं. भर एवढीच घालतो की पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो. बाबा पाचशेचं पेट्रोल टाकून रिझर्व्हवर चालवत असतील तर ती सवय आधी मोडा, पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. दुसरं, आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2008 ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. सीट उचललीच आहे तर रबरी पाइप आणि क्लिपाही बघून घ्या. पाइप दाबल्यावर कडक लागला किंवा चिरा दिसल्या तर लगेच बदला.

प्रश्नकर्ती

बाबा खरंच पाचशेचंच टाकतात! काटा बरोबर चालतो. पण विकायचं ते अजून म्हणतायत.

उत्तर (कोल्हापूर)

2023 ला पासिंग (पुनर्नोंदणी) करून घेतलं असेल तर 2028 पर्यंत चिंता नाही. त्यानंतरचा हिशोब वेगळा: 20 वर्षांपुढच्या कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 केलंय. त्यामुळे आज असेंब्लीवर खर्च करू नका, पण चार-साडेचार हजारात गाडी आणखी दोन-अडीच वर्षं आईला दवाखान्यात नेत असेल तर ते पैसे जरूर घाला. पत्रा खाली सडलाय का तेवढं मात्र आधी लिफ्टवर चढवून बघा. चॅसी खाल्लेली असेल तर बाबांचं ऐका.