मदत हवी आहे: ऑल-वेदर ट्रॅकवरचा घोडा पारखायचा कसा?

राम राम मंडळी. मी लोहा तालुक्यातला. माळेगावच्या जत्रेत दात, खूर, भोवरे बघून घोड्याची किंमत सांगणारी माणसं लहानपणापासून पाहिलीत. पण रात्री मोबाईलवर इंग्लंडातल्या ऑल-वेदर (गवताऐवजी कृत्रिम ट्रॅकवरच्या) शर्यती लावल्या की ती विद्या काडीच्या कामाची नाही. पैज मित्रासोबत फक्त चहाची असते, त्यामुळे टिप नको, पद्धत सांगा.

वाळू, तंतू, मेणाचा ट्रॅक असला तरी सगळे सारखे नाहीत, एवढं कळलंय. लिंगफिल्ड, केम्प्टन या रेसकोर्सवर पॉलिट्रॅक नावाचा पृष्ठभाग. वुल्व्हरहॅम्प्टनला 2014 पासून टॅपेटा हा दुसरा प्रकार. मग एकावर जिंकलेल्या घोड्याला दुसऱ्यावर किती मानायचं? साउथवेलला 2021 च्या अखेरीपर्यंत फायबरसँड हा तिसराच प्रकार होता, आता टॅपेटा. म्हाताऱ्या घोड्यांचे तिथले जुने निकाल सरळ सोडून द्यायचे का?

खरा घोळ ड्रॉचा, म्हणजे घोड्याला मिळालेल्या गेट नंबरचा आहे. वुल्व्हरहॅम्प्टनची वळणं आखूड, त्यामुळे बाहेरच्या गेटचा घोडा लांबून फिरतो, हे डोळ्यांना दिसतं. पण आतल्या गेटचा घोडा सुरुवातीला सुस्त असला तर रेलिंगला कोंडला जातो, तेही दिसतं! तेव्हा आधी काय बघायचं, गेट नंबर की पुढे पळणारे घोडे किती आहेत ते? न्यूकॅसलचा मैल तर सरळच, तिथं वळणच नाही.

हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात त्या शर्यतीत) नवशिक्या जॉकीला वजनाची सूट मिळते, तिला तुम्ही किती भाव देता? मित्र तेवढ्यावरच घोडा निवडतो आणि चहा मलाच पाजावा लागतो.